कळवायचं कुणाला?

वसतिगृहातला एक मुलगा आठवडाभर मेसला जेवायला उतरलेला नाही. कॉलेजला जातो न जातो. रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि दिवसा डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहतो. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला हे सगळं दिसतं आहे, पण बोलायचं कुणाशी ते उमगत नाही. रेक्टरांना सांगावं तर मित्र म्हणेल, चुगली केलीस. घरी सांगावं तर घरच्यांचा नंबर नाही. सर आहेत, पण ते तासापुरते. अशा वेळी काय करावं, यावर माझ्या घरातच दोन पक्ष पडले आहेत.

एक पक्ष मामांचा. साताऱ्यात एका वसतिगृहाचे रेक्टर म्हणून त्यांची उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहेत. दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा. ती सांगलीत एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि तिथलं समुपदेशन केंद्रही सांभाळते. सुट्टीत ती साताऱ्याला आली असताना दोघांचं यावरून जे झालं, ते इथे देतो आहे. मुलांची ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही, आणि संस्थांची नावंही घेतलेली नाहीत.

मामा : यात एवढा विचार कसला करायचा? बापाला फोन लावायचा. त्याच रात्री. पोरगं त्यांनी आपल्या भरवशावर ठेवलंय. ताप आला तर कळवतो ना आपण? मग हे का नाही कळवायचं?

धाकटी : तापाचा दोष पोराला कुणी देत नाही, मामा. मन बिघडलं म्हटलं की घरचा पहिला प्रश्न असतो, 'काय भानगड करून ठेवलीस?' घरी कळवू नये असं माझं म्हणणं नाही. त्या मुलाला न विचारता, त्याच्या पाठीमागं कळवू नये, एवढंच आहे.

मामा : त्याला काय विचारायचं? ते नकोच म्हणणार.

धाकटी : नको म्हणालं तर का नको ते विचारायचं. खरी अडचण तिथंच सापडते. एक मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली, 'मॅडम, घरी कळवलंत तर उद्या कॉलेज बंद आणि पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येतील.' तिचे दोन विषय राहिले होते आणि झोप उडाली होती, बाकी काही नव्हतं. पण आपल्याकडे 'मुलगी अडचणीत आहे' असा निरोप गेला की घरात त्याचा अर्थ 'मुलगी हाताबाहेर गेली' असा होतो. तिला वाचवायला केलेला फोन तिचं शिक्षणच संपवतो.

मामा : सगळे बाप तसले नसतात. माझ्याकडं माण-खटावची पोरं असायची. कुणाचा बाप हमाल, कुणाचा मुंबईला माथाडी. गावात फोन नसायचा, तर मी एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी द्यायचो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाप हजर. फडक्यात भाकरी बांधून आणलेल्या. पोराच्या शेजारी बसायचा, बोलायचा काहीच नाही, पण बसायचा. त्यानंच निम्मं काम व्हायचं.

धाकटी : ते बाप तुम्हाला माहीत होते. कुणाचा बाप बसतो आणि कुणाचा मारतो, हे तुम्हाला चिठ्ठी द्यायच्या आधी ठाऊक असायचं. आज मेंटॉर सरांना माहीत असतो तो फक्त मोबाईल नंबर. आटपाडीचं काय झालं ते तुम्ही वाचलं आहे.

आटपाडीचं आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. २०२५च्या जून महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, नीटची तयारी करणाऱ्या बारावीतल्या मुलीला सराव परीक्षेत गुण कमी पडले. त्यावरून घरी मारहाण झाली आणि ती दगावली. पोलिसांनी वडिलांना अटक केली. वडील स्वतः शिक्षण क्षेत्रातले. तो मारणारा माणूस दारुडा, अडाणी, गुन्हेगार असता तर बाकीच्यांना ते आपल्यापासून दूर ठेवता आलं असतं. इथे तसं करता येत नाही. गुणांचा कागद घरी पोचणं ही आपण निरुपद्रवी, रोजची गोष्ट समजतो. कुठल्या घरात तो कागद काय करील हे पाठवणाऱ्याला सांगता येत नाही.

मामा : ती बातमी वाचून मला अन्न गोड लागलं नाही. पण तू त्यातनं जो अर्थ काढतीस तो मला मान्य नाही. एका घरात असं झालं म्हणून हजार बापांना अंधारात ठेवायचं? उद्या पोरानं जिवाचं बरंवाईट केलं, तर तो बाप मला विचारील, 'सर, तुम्हाला ठाऊक होतं, आम्हाला का नाही सांगितलं?' काय उत्तर देऊ मी त्याला?

या प्रश्नाला धाकटीकडे लगेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. मागे राहिलेल्या आईबापांना आयुष्यभर हाच प्रश्न पुरतो, की कुणाला तरी आधी दिसलं असेल ना? बहुतेक वेळा दिसलेलं असतं. रूममेटला दिसतं, मेसच्या मावशींना दिसतं, रात्रीच्या वॉचमनला दिसतं. ज्यांना दिसतं त्यांना अधिकार नसतो, आणि ज्यांना अधिकार असतो ते संध्याकाळी पाचला घरी गेलेले असतात.

मामांचा पुढचा वार नेमका इथेच होता.

मामा : तुझं ते केंद्र अकरा ते पाच उघडं. दारावर पाटी. आत जाताना कुणी पाहिलं की पोरं चिडवतात, 'काय, येरवड्याला निघालास का?' तिथं कोण येणार? पोरांचा जीव घाबरतो रात्री दोन वाजता. तुझ्या केंद्राला तेव्हा कुलूप. मी वसतिगृहातच राहत होतो. मला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. मी खाडे बघायचो.

धाकटी : खाडे?

मामा : मेसचे खाडे. दर महिन्याला बिलातनं वजा करायला वही असते. कुणी किती वेळा जेवला नाही त्याच्या फुल्या. सेक्रेटरी पोरगा ती वही पैशासाठी ठेवायचा, मी ती पोरांसाठी वाचायचो. शनिवार-रविवारची फुली असली तर पोरगं गावाला गेलंय. मंगळवार, बुधवार, गुरुवार सलग फुल्या आल्या आणि पोरगं खोलीतच आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय. पैसे संपलेत, नाहीतर भांडण झालंय, नाहीतर मन लागत नाही. मी मग त्याच्या खोलीवर जायचो. 'चल, माझ्याबरोबर जेव' एवढंच म्हणायचो. एक पोरगं असंच. तीन दिवस फुल्या. खोदून विचारलं तर कळलं, परीक्षा फीचे अठराशे रुपये भरायचे होते आणि शिष्यवृत्ती अडकलेली. त्याला समुपदेशक नको होता, धाकटे. त्याला अठराशे रुपये हवे होते.

धाकटी : ते तुम्ही भरलेत.

मामा : भरले.

धाकटी : मग तो नीट झोपायला लागला?

मामा : ते मी विचारलं नाही.

धाकटी : मी तेच विचारते, मामा. फी भरली की हॉल तिकीट मिळतं. पण जो मुलगा तीन दिवस उपाशी राहतो आणि कुणाला बोलत नाही, त्याला 'आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, घरावर ओझं आहोत' असं वाटायला लागलेलं असतं. ते पैशानं जात नाही. काहींचं आपोआप जातं, काहींचं वाढत जातं. कुणाचं वाढतंय हे विचारल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मते दोघांनी आपापल्या कामातलं सगळ्यात मोलाचं इथे सांगितलं. मामांची फुल्यांची वही हे खरं निरीक्षण आहे. त्याला पदवी लागत नाही, रोज पाहण्याची सवय लागते. आणि हा काही त्यांच्या एकट्याच्या स्वभावाचा गुण नव्हे, साताऱ्याच्या मातीत ती परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडायला काढलं, हे साताऱ्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. मुलांच्या ताटात आज काय नाही, हे त्या घराला त्याच दिवशी कळत होतं. आजच्या वसतिगृहांकडे इमारत आहे, सीसीटीव्ही आहे, बायोमेट्रिक हजेरी आहे. मुलांबरोबर जेवायला बसणारा माणूस मात्र पगारपत्रकावर कुठेच दिसत नाही.

पण त्या परंपरेत एक उणीवही होती, आणि धाकटीचं बोट तिच्यावर आहे. पोराचं सगळं वडीलधाऱ्यांच्या मालकीचं, त्याचं स्वतःचं असं काही नाही, हे तिथे गृहीत होतं. कष्ट करणाऱ्या, शिस्तीत राहणाऱ्या मुलाला तिथे मोठा आधार मिळाला. ज्याचं दुखणं शिस्तीत बसत नव्हतं तो मुलगा बोललाच नाही.

मग मी विषय मेंटॉर योजनेकडे नेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, त्याने पालकासारखं त्यांच्याकडे वर्षभर लक्ष द्यायचं, वसतिगृहाच्या वॉर्डनशी बोलत राहायचं, असं त्यात आहे. कागदावर मामा आणि धाकटी यांची सांगड तिथेच घातलेली आहे.

धाकटी : दादा, त्या योजनेची वही पाहिली आहेस का कधी? मी दरवर्षी पाहते. पहिला रकाना नाव, दुसरा रोल नंबर, मग हजेरी, मग गुण. मग येतो 'विद्यार्थ्याची अडचण'. त्याखाली ओळीनं लिहिलेलं असतं, निरंक, निरंक, निरंक. पंचवीस मुलं, पंचवीस वेळा निरंक. कुठे अडचण लिहिलीच असेल तर 'इंग्रजी कच्चे'. शेवटचा रकाना 'केलेली उपाययोजना', त्यात 'मार्गदर्शन केले'. सगळं एका पेनानं, एका दिवशी, नॅकची समिती यायच्या आठवड्यात. मी सरांना दोष देत नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस तीन कॉलेजांत तास घेतो, वर निवडणुकीचं काम, परीक्षेचं काम. पण ज्या वर्गात ती वही निरंक होती, त्याच वर्गातल्या मुली माझ्याकडे येऊन रडल्या होत्या.

मामा : म्हणजे आमची ती मेसची वही खरी होती आणि ही सरकारी वही खोटी.

धाकटी : तुमची खरी होती कारण ती तुम्ही वाचत होता. ही कुणी वाचत नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत स्पष्ट आदेश दिले आहेत. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या पीठाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती सगळ्या शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहेत, शाळा-कॉलेज, क्लास, वसतिगृह, सगळ्यांवर. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. टेलिमानससारख्या मदतवाहिनीचा क्रमांक वर्गात, वसतिगृहात, ठळक अक्षरांत लावायचा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत त्यांना लाज वाटेल असं बोलायचं नाही. त्याआधी मार्च २०२५मध्ये याच न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. आदेशांची कमतरता आता उरलेली नाही. सातारा-सांगलीतल्या आपापल्या कॉलेजात यांतलं काय लागू झालं, हे पालकांनी जाऊन पाहायला हवं.

मामांना मात्र आदेशांपेक्षा एकच गोष्ट खुपत होती.

मामा : तू म्हणतीस, पोरगं सांगील ते गुपित ठेवायचं. ठीक आहे. आणि ते म्हणालं, मला जगायचं नाही, तर? तेव्हाही गुपित?

धाकटी : नाही. तेव्हा नाही. हे मी पहिल्या भेटीतच सांगते. 'तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही, आणि गप्प बसणार नाही हे आधी तुलाच सांगेन.' कायदाही तेच म्हणतो. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७चा. त्याच्या २३व्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे, आणि जीव वाचवण्यापुरती माहिती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. जिवाला धोका टाळायला लागेल तेवढीच. त्याचं प्रेम कुणावर होतं, तो काय पितो, ते सगळं फोनवर ओतायचं नाही.

मामा : आणि विचारायचं कसं? उगीच आपण तोंडातनं काढलं आणि पोराच्या डोक्यात आलं तर?

धाकटी : विचारल्यानं डोक्यात येत नाही, मामा. ही सगळ्यांची भीती आहे आणि ती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. सरळ विचारायचं, 'तुला जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?' बहुतेक मुलं हे ऐकून सुटल्यासारखी होतात, कारण इतके दिवस ती हेच एकट्यानं वागवत असतात. आडवळणानं विचारलं, 'असलं काही डोक्यात नाही ना रे?' तर ते 'नाही' म्हणूनच उत्तर देणार. तुम्ही ते उत्तर प्रश्नातच घालून दिलेलं असतं.

मामांनी तिला ते दोन्ही प्रश्न पुन्हा म्हणायला लावले. मग स्वतः म्हणून पाहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न आपण कुणालाही असा विचारला नाही, असं ते म्हणाले.

त्यानंतरची रात्र कशी काढायची, यावर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. मुलगा 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, अगदी 'आता बरं वाटतंय, तुम्ही जा' म्हणाला तरी. जिवाला अपाय करता येईल असं जवळ काही असेल तर ते हलवायचं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मुलाच्या वतीनं रेक्टर किंवा मित्रही तिथे सल्ला विचारू शकतो. धोका तातडीचा असेल तर थेट रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही. इथे वसतिगृहं कचरतात ती पोलिसांच्या भीतीनं. ती भीती जुनी झाली आहे. २०१७च्या कायद्याच्या ११५व्या कलमानुसार, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. रुग्णालयात नोंद होईल, पोलीस विचारपूस करतील, पण मुलावर गुन्हा होणार नाही. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून मुलाला रात्रभर खोलीत ठेवणं हा मात्र माझ्या लेखी अक्षम्य प्रकार आहे.

आता राहिला तो रूममेट. सगळ्यात आधी त्याला दिसतं आणि सगळ्यात कमी आधार त्यालाच असतो.

धाकटी : मी मुलांना एवढंच सांगते की निदान करू नका. 'सर, तो डिप्रेशनमध्ये आहे' असं सांगू नका, कारण सर म्हणतील, 'तू काय डॉक्टर आहेस?' जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा. सोमवारपासून जेवला नाही. रात्री रडत होता. त्याची पुस्तकं, हेडफोन वाटून टाकले. 'माझ्यानंतर तुला उपयोगी पडेल' असं म्हणाला. हे ऐकल्यावर कुणाला हात झटकता येत नाही. आणि कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, हे आपल्या मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारा, 'सर, काय झालं?'

मामा : आणि मित्राला? त्याला सांगायचं का, मी तुझ्याबद्दल बोललो म्हणून?

धाकटी : सांगायचं. 'मला तुझी काळजी वाटली, मी मॅडमशी बोललोय, चल, मी पण येतो.' तो चिडेल. काही दिवस बोलणार नाही. चिडलेला मित्र चालतो.

मामा : हे मात्र पटलं. पण घरी कळवायचं तेवढं अजून राहिलंय.

यावर धाकटीने इंग्लंडमधलं उदाहरण दिलं. ब्रिस्टल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर हाच वाद पेटला होता. अठरा पूर्ण झालेल्या मुलांबद्दल घरी कळवायचं की नाही? २०१८ साली विद्यापीठाने ठरवलं, मुलांनाच आधी विचारू. तुमच्याबद्दल आम्हाला गंभीर काळजी वाटली, तर तुम्ही नेमून द्याल त्या माणसाला आम्ही कळवलेलं चालेल का? नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी हो म्हटलं. ज्या वयाबद्दल आपण 'ते नकोच म्हणणार' असं धरून बसतो, त्या वयाची ही मुलं. फक्त त्यांना अडचणीत सापडायच्या आधी विचारलं होतं, आणि माणूस त्यांनी निवडला होता.

मामा : हे तर मी करायचो की! प्रवेशाच्या दिवशी बाप बाहेर फॉर्मवर सही करत असायचा तेव्हा पोराला आत घेऊन विचारायचो, 'घरात तुझं कोण ऐकतं?' कुणी सांगायचं आजी, कुणी थोरली बहीण, कुणी मामी. एकानं गावातल्या टेलरचं नाव सांगितलं होतं. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. त्या टेलरला मी खरंच एकदा चिठ्ठी पाठवली. तो आला.

धाकटी : आणि मघापासून 'बापाला फोन लावायचा' म्हणताय!

मामा : अगं, बाप म्हणजे घरचं माणूस. बोलायची पद्धत आपली.

बोलण्याची पद्धत तशी असेल, पण कॉलेजच्या फॉर्मवर तीच छापलेली आहे. 'पालकाचा मोबाईल क्रमांक' अशी एकच चौकट असते. ओटीपी यावा म्हणून निम्मी मुलं तिथे स्वतःचाच नंबर लिहितात, काही ठिकाणी नेटकॅफेवाल्याचा असतो. ज्या रात्री कुणाला तरी कळवायची खरी वेळ येते, त्या रात्री रेक्टरच्या हातात त्या आजारी मुलाचाच नंबर असतो. त्या चौकटीखाली आणखी एक चौकट छापायला खर्च येत नाही. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं? (तुमच्या पसंतीची व्यक्ती)'. २०१७च्या कायद्यानेही प्रत्येक सज्ञान माणसाला उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे यात कायद्याच्या विरुद्ध काही नाही, कायद्याच्या मनातलंच आहे.

शेवटपर्यंत दोघांत एक फरक राहिला. मुलाच्या जिवाला धोका दिसत नाही, पण तो खचला आहे, अशा वेळी घरच्या माणसाला त्याच दिवशी कळवावं असं मामांना वाटतं. मुलगा तयार होईपर्यंत थांबावं, त्याला आठवडा लागला तरी चालेल, असं धाकटी म्हणते. मी धाकटीच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. त्या आठवड्यात रोज कुणीतरी त्या मुलासमोर बसलं पाहिजे, आणि तो कोण हे नावानिशी ठरलं पाहिजे. आपल्याकडे घात होतो तो इथे. रूममेटने सरांना सांगितलं, सरांनी विभागप्रमुखांना, त्यांनी समुपदेशन केंद्राला चिठ्ठी दिली, केंद्राने मुलाला बोलावलं, मुलगा आला नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं कळवलेलं असतं आणि मुलगा खोलीत एकटाच असतो. कळवणाऱ्याने पुढे काय झालं ते विचारत राहायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नाही. ते मामांच्या वहीत होतं.

ज्यांची मुलं साताऱ्यात, सांगलीत, कराडला, पुण्याला वसतिगृहात किंवा खोली करून राहतात, त्यांच्यासाठी एक विनंती. मुलाच्या रूममेटचा नंबर तुमच्याकडे आहे का पाहा. नसेल तर मुलाला सांगून, त्याच्या संमतीनं तो घ्या, आणि त्या रूममेटलाही तुमचा द्या. त्याला सांगा की काही दिसलं तर कधीही फोन कर, आम्ही आमच्या पोरावर ओरडणार नाही. आणि तो फोन आलाच तर दिलेला शब्द पाळा.